पॅरिसचे आठ, लंडनचे आठ, आताचे सात : स्विंगल सिंगर्स ऐकताना

पाश्चात्त्य वाद्यसंगीत शब्दांशिवाय, गळ्यांनी गाण्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या स्विंगल सिंगर्स या गटाचे नाव १९६२ पासून चालत आले आहे. मात्र त्या नावाखाली गाणारी माणसे इतक्यांदा बदलली आहेत, की कोणी ‘मला स्विंगल सिंगर्स आवडतात’ असे म्हणाले तर ‘कोणते?’ असे विचारावे लागते. पॅरिसमधला मूळ संच, १९७३ नंतर लंडनमध्ये उभा राहिलेला संच आणि आज नुसत्या ‘द स्विंगल्स’ या नावाने गाणारे सात जण, हे तिन्ही मी गेल्या काही महिन्यांत सलग, एकाच खोलीत आणि एकाच स्पीकरवर ऐकले. पुढचा अभिप्राय त्या ऐकण्यातून तयार झालेला आहे. यातले काही विकत घ्यावे का आणि घ्यावे तर आधी काय घ्यावे, या प्रश्नाचे मला सापडलेले उत्तरही त्यात आहे.

सुरुवात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात झाली. एका रविवारी सकाळी, जुन्या चित्रपटगीतांच्या आणि आरत्यांच्या तबकड्यांच्या गठ्ठ्यात, फिलिप्स कंपनीची १९६३ सालची ‘जाझ सेबॅस्टियन बाख’ ही एलपी हाती लागली. कव्हरच्या एका कोपऱ्याला कसर लागली होती, तबकडी मात्र सपाट होती, आणि चारशे रुपयांत व्यवहार झाला. (त्याआधी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून चौपट किमतीला मागवलेली एलपी उन्हात विसरलेल्या पापडासारखी वाकून आली होती आणि ती परत घेण्यास त्याने साफ नकार दिला होता. म्हणून जुनी तबकडी डोळ्यांसमोर धरून, कडेने पाहून घेता येते तिथेच घ्यावी, असे माझे आता ठाम मत झाले आहे.) कोमट पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून, मधले लेबल कोरडे ठेवून ती धुतली. पहिली बाजू स्वच्छ वाजते; दुसऱ्या बाजूच्या शेवटाकडे, सुई आतल्या वर्तुळांवर पोचली की थोडी खरखर येते.

या गटाविषयी मला इतके कुतूहल का वाटते, तेही सांगितले पाहिजे. सदाशिव पेठेत दर शनिवारी जमणाऱ्या आमच्या छोट्या वृंदगानाच्या गटात आम्हीही आठ जण गातो, आणि मी खालचा स्त्रीस्वर सांभाळते. दोन वर्षांत आमच्यातले तिघे गेले. एक बंगळुरूला, एक लग्न होऊन नाशिकला, आणि एकाला कामाच्या वेळा जमेनात. प्रत्येक वेळी नवा गळा आला की तालीम जणू पहिल्यापासून सुरू करावी लागते. अशा परिस्थितीत साठ वर्षांहून अधिक काळ एक गट टिकतो तो नेमका कशाच्या बळावर, हे ऐकून समजून घ्यावे असे मनापासून वाटत होते.

मूळ संच हा पॅरिसमधल्या ध्वनिमुद्रणगृहांत रोजंदारीवर गाणाऱ्या कलावंतांचा होता. एदित पियाफ, शार्ल अझ्नावूर अशा गायकांच्या मागे कोरसमध्ये उभे राहणे हे त्यांचे नित्याचे काम होते. त्यांचा प्रमुख वॉर्ड स्विंगल हा अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातील मोबिल या गावचा. पियानो शिकलेला आणि वाल्टर गीझेकिंग यांच्याकडे पुढील शिक्षण घेण्यासाठी युरोपात आलेला. तो आणि क्रिस्तियान लग्राँ हे दोघेही आधी मिमी पेरँ यांच्या ‘डबल सिक्स’ या गटात गात असत. सहा गायकांचे गाणे दोनदा ध्वनिमुद्रित करून बारा आवाजांचा परिणाम साधायचा, यावरून त्या गटाला ते नाव पडले होते. पुढे सरावासाठी म्हणून या मंडळींनी अठराव्या शतकातला जर्मन संगीतकार बाख याच्या, पियानोवर वाजवल्या जाणाऱ्या रचना समोर ठेवून गायला सुरुवात केली, आणि गाता गाता त्या आपोआप जाझच्या झोक्यावर येऊ लागल्या. सोप्रानो (वरचा स्त्रीस्वर) ज्यानेत बोकोमाँ आणि क्रिस्तियान लग्राँ, आल्टो (खालचा स्त्रीस्वर) आन जेर्मँ आणि क्लोदिन म्यूनिए, टेनर (वरचा पुरुषस्वर) वॉर्ड स्विंगल आणि क्लोद जेर्मँ, बास (खालचा पुरुषस्वर) जाँ क्युसाक आणि जाँ-क्लोद ब्रियोदों हे ते आठ जण. साथीला पियेर मिशलो यांचा डबल बास (उभे धरून वाजवायचे खर्जाचे मोठे तंतुवाद्य) आणि गुस वालेझ यांचे ड्रम्स, बाकी एकही वाद्य नाही.

या तबकडीवरचा ‘आरिया’ हा भाग मी किती वेळा ऐकला याची मोजदाद उरलेली नाही. बाखच्या तिसऱ्या ऑर्केस्ट्रल स्वीटमधला (वाद्यवृंदासाठीच्या छोट्या रचनांच्या मालिकेतला) हा संथ भाग मुळात तंतुवाद्यांसाठी लिहिलेला आहे. वर व्हायोलिन एक लांब स्वर धरून राहते आणि खाली बास, म्हणजे सर्वांत खालची ओळ, सारख्या अंतराने पायऱ्या उतरत जातो, प्रत्येक पायरी दोनदा, एकदा एका सप्तकात आणि एकदा दुसऱ्या. जाझमध्ये डबल बास वाजवणारा नेमके हेच करतो, प्रत्येक मात्रेवर एक स्वर ठेवत सारखा चालत राहतो. म्हणजे बाखला जाझमध्ये ओढून आणावे लागत नाही. त्याचा बास आधीपासूनच तसा चालतो आहे, मिशलो यांनी फक्त त्याच्या पावलांत पाऊल टाकले. वरचा लांब स्वर सोप्रानो ‘दू’ या एका अक्षरावर धरते. त्यात कंप जवळजवळ नाही, स्वर सरळ आणि पातळ आहे, मायक्रोफोन ओठांच्या अगदी जवळ असल्यामुळे आवाज मुळीच चढवलेला नाही, आणि तरीही पुढच्या मात्रांवर तो स्वर हलकेच फुगत जातो, तेव्हा श्वास रोखून ऐकले जाते. ऑपेरात सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवण्यासाठी जो जोर लागतो, तो येथे पूर्णपणे बाजूला ठेवला आहे. कानाशी कुजबुजल्यासारखे गायचे आणि बाकीचे काम मायक्रोफोनवर सोपवायचे, ही या गटाची सर्वांत मोठी कमाई आहे, आणि ती पुढच्या प्रत्येक संचाकडे जशीच्या तशी गेली.

शब्द नाहीत, हे आपल्या कानाला विचित्र वाटायचे कारण नाही. तराण्यात ‘दिर दिर’, ‘तोम’, ‘तननन’ हे बोल अर्थासाठी येत नाहीत; जिभेला लय सापडावी, स्वराला टोक यावे म्हणून येतात. येथेही ठेवणीच्या स्वराला ‘दू’ आणि तुटक, धावत्या स्वरांना ‘बा’, ‘दा’, ‘बा-दा’ अशी अक्षरांची वाटणी आहे. फरक इतकाच, की तराणा गाणारा बोलांशी खेळत ते तिथल्या तिथे फिरवतो, तर येथे प्रत्येक अक्षर आधी ठरलेले आहे, कारण दोन गळ्यांनी एकाच क्षणी वेगवेगळी अक्षरे उच्चारली तर एकसंधपणा मोडतो. आमच्या शनिवारच्या तालमीत ‘आ’कार कोणी उघडा लावतो आणि कोणी मिटता, आणि सूर बरोबर असूनही गाणे दुभंगते. या तबकडीवर असा दुभंग मला एकदाही ऐकू आला नाही.

पहिल्या बाजूच्या सुरुवातीलाच ‘आर्ट ऑफ द फ्यूग’ या संग्रहातली डी मायनर या स्वरश्रेणीतली एक फ्यूग रचना आहे. फ्यूगमध्ये एक सुरावट एक आवाज मांडतो, मग दुसरा तीच घेऊन येतो, मग तिसरा. आधीचे थांबत नाहीत, त्यांचे बोलणे चालूच राहते. पियानोवर हे ऐकताना दोन हातांतल्या चार ओळी वेगळ्या काढायला कान बराच तयार असावा लागतो. येथे त्या ओळी वेगवेगळ्या माणसांच्या गळ्यात असल्यामुळे कोण कधी आत आले ते प्रथमच ऐकणाऱ्यालाही कळते. पाश्चात्त्य संगीत ‘अंगावर येते’ अशी तक्रार करणाऱ्या माझ्या एका काकूंना मी हीच तबकडी ऐकवली, आणि चौथा आवाज येताच त्यांनी न सांगता बोट वर केले.

ही तबकडी गाजली. १९६४ च्या ग्रॅमी समारंभात गटाला सर्वोत्कृष्ट नवोदित कलावंत हा पुरस्कार मिळाला आणि समूहगानाचाही मिळाला. पुढची काही वर्षे मात्र हीच पाककृती वेगवेगळ्या भांड्यांत शिजवली गेली असे मला वाटते. मोझार्ट झाला, एकोणिसाव्या शतकातले रोमँटिक संगीतकार झाले, बाखचा समकालीन टेलेमान झाला, स्पेनचे संगीत झाले. मोझार्टची तबकडी नेटकी आहे, पण ती बाखइतकी बसत नाही, आणि त्याला कारण आहे. बाखकडे प्रत्येक आवाजाला स्वतःची चाल असते, त्यामुळे आठांपैकी कोणीही केवळ साथीला उभा राहत नाही. मोझार्टच्या पियानो रचनांमध्ये चाल बहुधा वर असते आणि खाली साथीचे तुटक स्वर फिरत राहतात. ते स्वर गाणाऱ्याच्या वाट्याला नुसते ‘दू-बा-दू-बा’ येते, आणि थोड्या वेळाने ते ऐकणाऱ्यालाही जाणवते. या काळातली वेगळी ठरणारी तबकडी १९६६ ची ‘प्लास वांदोम’, मॉडर्न जाझ क्वार्टेट या अमेरिकन वादक-चौकडीबरोबर केलेली. तीत तोच आरिया पुन्हा येतो, पण सोबतीला मिल्ट जॅक्सन यांच्या व्हायब्राफोनचा नाद आहे. धातूच्या पट्टीवरून उठणाऱ्या त्या नादात मानवी स्वर कुठे संपतो ते उमगत नाही.

यानंतर या गटाने जे केले त्याची अपेक्षा बाखच्या झोक्यावरून कोणीही केली नसती. इटलीचे संगीतकार लुचानो बेरिओ यांनी आपली ‘सिन्फोनिया’ मोठ्या वाद्यवृंदासाठी आणि या आठ आवाजांसाठी लिहिली. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या १२५व्या वर्षानिमित्त ती लिहून घेतली गेली होती आणि १० ऑक्टोबर १९६८ रोजी न्यूयॉर्कमध्ये स्वतः बेरिओ यांच्या संचालनाखाली प्रथम सादर झाली. येथे आठ जण गातात, पण त्याहून अधिक बोलतात, कुजबुजतात, ओरडतात, एकमेकांची वाक्ये तोडतात. दुसरा भाग त्याच वर्षी एप्रिलमध्ये हत्या झालेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांच्या स्मृतीचा आहे, आणि त्याचा मजकूर म्हणजे केवळ त्यांचे नाव. तेही सुरुवातीला नाव म्हणून ऐकू येत नाही. आधी सुटे स्वर येतात, ‘ओ’, ‘आ’, ‘इ’, वाद्यांच्या मंद नादात विरघळलेले. मग मधूनच एखादे व्यंजन टोचते. आणि शेवटाकडे पूर्ण नाव जुळून कानावर पडते. शब्दाशिवाय अक्षरे गाण्यात सहा वर्षे मुरलेल्या गळ्यांना हे सोपवणे किती योग्य होते, ते ऐकल्यावरच पटते. जे ‘दू’ आरियामध्ये सुखाचे वाटत होते, त्याच जातीच्या अक्षरांवर येथे अंगावर काटा येतो.

तिसऱ्या भागात गुस्ताव मालर या संगीतकाराच्या दुसऱ्या सिंफनीतला स्केर्झो हा भाग तळाशी नदीसारखा वाहत राहतो, त्यावर इतर डझनभर संगीतकारांचे तुकडे तरंगत जातात आणि वर लेखक सॅम्युएल बेकेट यांच्या गद्याचे पठण चालते. या भागाच्या अखेरीस बोलणारा गायक वाद्यवृंदाच्या संचालकाचे नाव घेऊन आभार मानतो, आणि ते नाव प्रत्येक प्रयोगात बदलते, त्या दिवशी उभ्या असलेल्या माणसाचे असते. मूळ संहितेतच माणसासाठी अशी रिकामी जागा सोडलेली आहे. संचाच्या बदलाचा विचार करताना मला ही जागा फार महत्त्वाची वाटली. कारण पॅरिसचा संच विसर्जित झाल्यावरही ‘सिन्फोनिया’तले आठ आवाज गायले जात राहिले, फ्रेंच संगीतकार आणि वाद्यवृंद-संचालक पिएर बुलेझ यांनी ऐंशीच्या दशकात केलेल्या ध्वनिमुद्रणात ते लंडनच्या संचाने गायले आहेत. माझ्याकडच्या बेरिओ यांच्या ध्वनिमुद्रणात चारच भाग आहेत, कारण पाचवा भाग त्यांनी १९६९ मध्ये जोडला; बुलेझ यांच्या ध्वनिमुद्रणात पाचही आहेत आणि शब्द अधिक स्पष्ट कळतात. तरीही पहिल्यातला खडबडीतपणा मला जवळचा वाटतो. काय घडणार हे गाणाऱ्यांनाही पूर्ण ठाऊक नसावे, अशी एक ताजी भीती त्यात आहे.

१९७३ मध्ये पॅरिसचा संच थांबला आणि वॉर्ड स्विंगल लंडनला गेला. तेथे त्याने नव्या, इंग्रज गायकांना घेऊन ‘स्विंगल टू’ उभा केला. हा बदल नुसत्या माणसांचा नव्हता. पॅरिसचे आठ जण ध्वनिमुद्रणगृहात घडलेले आणि जाझची चव असलेले. लंडनच्या गायकांना मात्र चर्चमधल्या समूहगानाची, सोळाव्या शतकातल्या माद्रिगालांची (अनेक आवाजांत गायच्या गीतांची) परंपरा पाठीशी असलेल्या देशाचे वळण होते. स्विंगलला हेच हवे होते. १९७४ च्या तबकड्यांत माद्रिगाल आले, शब्द आले. १९७५ च्या ‘रॅग्ज अँड ऑल दॅट जॅझ’मध्ये स्कॉट जोप्लिनच्या काळातले पियानोचे रॅगटाइम आले. बेरिओ यांनीही या नव्या संचासाठी आपल्या ‘आ-रॉन’ या रचनेला आठ आवाजांचे रूप दिले.

या काळाकडे ऐकणाऱ्यांचे लक्ष कमी गेले आहे, आणि तो अन्याय आहे असे मला वाटते. रॅगटाइममध्ये डाव्या हाताचा ठेका सरळ चालतो आणि उजवा हात मात्रा सोडून मधेच आघात करतो. पियानोवाल्याला हे दोन्ही एकाच देहात करायचे असते. आठ जणांत ते वाटले की ठेका धरणाऱ्या बासला समोरच्या सोप्रानोच्या खोडकर आघातांकडे कान देऊनही आपली पावले ढळू द्यायची नसतात. इंग्रज संच हे फार अचूक करतो. जे हरवले ते सांगितलेच पाहिजे : लग्राँ यांच्या आवाजातला तो धुरकट मऊपणा पुन्हा कोणात सापडला नाही. नव्या सोप्रानो अधिक नितळ, अधिक सुरेल म्हणाव्यात इतक्या शुद्ध आहेत. पण आरियाच्या त्या पहिल्या लांब स्वरात जे मला धरून ठेवते ते शुद्धतेपलीकडचे आहे, आणि ते स्वरलेखनात उतरवता येत नाही.

स्वरलेखनात जे उतरवता येते ते मात्र या गटाने चोख उतरवले, आणि त्यावरच तो टिकला. लंडनमध्ये आल्यापासून गट कधी विसर्जित झालेला नाही. एक जण गेला की उरलेले सगळे चाचणी घेऊन नवा निवडतात. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर स्वतः वॉर्ड स्विंगलही अमेरिकेला परतला आणि सल्लागार म्हणून दूर राहिला. गट तरीही चालला. आपल्याकडे घराण्याची गायकी गुरूच्या समोर बसून, वर्षानुवर्षे घेतलेल्या तालमीतून उतरते आणि गुरूच्या गळ्याचा रंगही शिष्यात येतो. येथे रंग येत नाही; येतात त्या लिहिलेल्या आठ ओळी, ठरलेली अक्षरे आणि मायक्रोफोनशी राखायचे अंतर. त्याचा तोटा मी वर सांगितला. फायदा असा, की नव्या माणसाला कोणाची नक्कल करावी लागत नाही, आणि त्याच्या बरोबर गटाची आवडही पुढे सरकते.

ती पुढे सरकत गेली हे नंतरच्या ध्वनिमुद्रणांत दिसते. डबल बास आणि ड्रम्स हळूहळू गेले आणि त्यांची जागा गळ्यांनीच घेतली. १९९९ मध्ये बीटल्सची गाणी आली; २००७ च्या ‘ब्यूटी अँड द बीटबॉक्स’मध्ये श्लोमो हा तोंडाने तालवाद्ये काढणारा कलावंत सोबत आला. गेल्या दशकात आठांचे सात झाले आणि नावातले ‘सिंगर्स’ गळून ‘द स्विंगल्स’ उरले. २०१७ चे ‘फोकलोर’ मी इयरफोनवर आणि स्पीकरवर असे दोन्ही प्रकारे ऐकले. इयरफोनवर ते विलक्षण आहे : ओठ मिटून काढलेला ढोलासारखा ठोका एका कानात, श्वासाचा सळसळता आवाज दुसऱ्या कानात, आणि मधोमध लोकगीताची साधी चाल. स्पीकरवर तेच थोडे दाटते, कारण प्रत्येक आवाजावर पडद्यामागची तांत्रिक कारागिरी बरीच आहे. सात जण एका खोलीत उभे आहेत असे चित्र काही ठिकाणी डोळ्यांपुढे येत नाही. पॅरिसच्या तबकडीत खरखर असूनही ते चित्र लख्ख येते. हा माझा नव्या संचाविषयीचा एकमेव खरा आक्षेप आहे. गाण्यात ते कोठेही कमी नाहीत, आणि लोकगीतांची निवड त्यांनी मनापासून केली आहे.

आधी काय घ्यावे, हे आता सांगते. ‘जाझ सेबॅस्टियन बाख’ निःसंशय आधी, आणि शक्य असल्यास एलपी. ती न मिळाल्यास सीडीवरही आरिया तितकाच जवळून ऐकू येतो. दुसरे ध्वनिमुद्रण ‘सिन्फोनिया’, पण ते रात्री उशिरा लावू नये, कारण कुजबुजीपासून पूर्ण वाद्यवृंदाच्या गर्जनेपर्यंतचे अंतर फार मोठे आहे आणि कुजबुज ऐकू यावी म्हणून वाढवलेला आवाज पुढच्याच मिनिटाला शेजारच्या घरी पोचतो. तिसरे रॅगटाइमचे. मोझार्ट आणि टेलेमान इंटरनेटवर एकदा ऐकून घ्यावे, त्यावर पैसे खर्च करण्याची गरज मला वाटली नाही. ‘फोकलोर’ चांगल्या इयरफोनवरच ऐकावे.

आमच्या शनिवारच्या गटात नाशिकला गेलेल्या मैत्रिणीच्या जागी आलेल्या मुलीला मी गेल्या आठवड्यात आरिया ऐकवला आणि वरचा लांब स्वर धरायला सांगितले. तिने तो ‘दू’वर न धरता ‘ओ’वर धरला. सूर पक्का होता, रंग निराळा होता. आम्ही आमच्या कागदावरचे अक्षर खोडून ‘ओ’ लिहिले, आणि बाकीच्या सातही जणांनी आपापले स्वर त्याला जुळवून घेतले.